पस्तीस विजय, पाच पराभव : १९८४च्या डेट्रॉइट टायगर्सची सुरुवात आणि तिचे चाहते

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी सुरू झालेला हा क्रम सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत जवळजवळ रोज चालू राहतो, आणि त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांच्या निकालांवरून वर्षाचा अंदाज बांधू नये, असे या खेळाचे जाणकार पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. आयपीएलमधील संघ साखळीत १४ सामने खेळतो. त्या मापाने पाहिल्यास बेसबॉलचे पहिले ४० सामने म्हणजे आपल्याकडचे जेमतेम साडेतीन सामने ठरतात, आणि साडेतीन सामन्यांनंतर विजेत्याचे नाव सांगणाऱ्याला आपण उतावळाच म्हणू. तरीही १९८४च्या वसंत ऋतूत मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराने आणि त्याच्या उपनगरांनी हा उतावळेपणा उघडपणे, एकमुखाने आणि आनंदाने केला, कारण त्यांच्या टायगर्स संघाने पहिल्या ४० सामन्यांपैकी ३५ जिंकले होते. अशी सुरुवात त्यापूर्वी कोणत्याही संघाला साधली नव्हती आणि त्यानंतरही साधलेली नाही.

टायगर्सने पुढे विजेतेपद मिळवले, हे सर्वज्ञात आहे. येथे पाहायचे आहे ते चाहत्यांचे वागणे. त्यांनी त्या सुरुवातीला कसा प्रतिसाद दिला, तो प्रतिसाद महिन्यागणिक कसा बदलत गेला आणि तो कितपत योग्य होता, एवढाच या लेखाचा विषय आहे. माझे मत आरंभीच सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत चाहत्यांनी जो आनंद केला तो पूर्णपणे रास्त होता. जूनमध्ये त्यांना जी भीती वाटली ती हिशेबाच्या चुकीतून आली होती. आणि ‘अजून हंगाम कोवळा आहे’ हा जाणकारांचा इशारा भाकीत म्हणून बरोबर असला, तरी जमाखर्च म्हणून साफ चुकीचा होता.

संघ आणि शहर

टायगर्सचे त्याआधीचे विजेतेपद १९६८चे, म्हणजे शहरातील १९६७च्या भीषण दंगलीनंतरच्या वर्षातले. पुढील काळात संघ म्हातारा होत गेला, आणि १९७५मध्ये त्याने १०२ सामने गमावले, त्यातले १९ तर सलग. त्या पडझडीतून संघ सावरला तो स्वतःच्या कनिष्ठ संघांतून घडवलेल्या खेळाडूंच्या बळावर. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षणाच्या जागी) खेळणारा अ‍ॅलन ट्रॅमेल आणि सेकंड बेसवरचा लू व्हिटेकर हे दोघे सप्टेंबर १९७७मध्ये एकाच दिवशी पहिला सामना खेळले. पिचर (चेंडू टाकणारा) जॅक मॉरिस आणि कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) लान्स पॅरिश हेही त्याच वर्षी संघात आले. जून १९७९मध्ये व्यवस्थापक म्हणून स्पार्की अँडरसन यांची नेमणूक झाली. सिनसिनाटी रेड्सला १९७५ आणि १९७६ अशी दोन विजेतेपदे मिळवून देऊनही त्या संघाने त्यांना दूर केले होते. डेट्रॉइटला आल्यावर आपण पाच वर्षांत संघाला अजिंक्यपदापर्यंत नेऊ, असे त्यांनी बोलून दाखवले. १९८४ हे त्या मुदतीचे शेवटचे वर्ष होते आणि चाहत्यांना ते पक्के आठवत होते.

१९८३मध्ये संघाने ९२ सामने जिंकले आणि तो आपल्या गटात बाल्टिमोरच्या मागे, सहा सामन्यांच्या अंतराने (हे अंतर म्हणजे विजयांतील आणि पराभवांतील फरकांची सरासरी, म्हणून ते कधी अर्ध्यातही येते) दुसरा आला. त्या काळात अमेरिकन लीगच्या (व्यावसायिक बेसबॉलच्या दोन लीगांपैकी टायगर्स जिच्यात खेळतात तिच्या) दोन गटांतील केवळ अव्वल संघच पुढच्या फेरीत जात असल्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत शून्य होती. हा आकडा, ९२, वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे. त्या वर्षीच्या हिवाळ्यात दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबरमध्ये डॉमिनोज पिझ्झाचे संस्थापक टॉम मोनॅहन यांनी जॉन फेट्झर यांच्याकडून संघ विकत घेतला, आणि मोकळ्या बाजारातून खेळाडू घेण्यास एरवी नाखूश असलेल्या या संघाने डॅरेल इव्हान्स या अनुभवी फलंदाजाला करारबद्ध केले. पुढे मार्चमध्ये, हंगाम तोंडावर असताना, फिलाडेल्फियाकडून विली हर्नांडेझ हा डावखुरा पिचर आणि डेव्ह बर्गमन हा फर्स्ट बेसचा खेळाडू घेण्यात आला. या अदलाबदलीची त्या वेळी फारशी चर्चा झाली नाही.

शहराची अवस्था बिकट होती. मोटार उद्योगाच्या मंदीमुळे १९८२च्या अखेरीस मिशिगनमधील बेरोजगारी १६ टक्क्यांच्या पुढे गेली होती. क्रायस्लर कंपनी सरकारी हमीच्या कर्जावर तगली होती आणि ते कर्ज तिने १९८३मध्ये मुदतीपूर्वी फेडल्यामुळे थोडी उभारी दिसू लागली होती, एवढेच. १९५०मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात असलेली डेट्रॉइटची लोकसंख्या १९८०च्या जनगणनेत बारा लाखांवर आली होती. गोरी कुटुंबे उपनगरांत गेली होती आणि शहर बहुतांश कृष्णवर्णीयांचे झाले होते. एट माइल रस्ता ही त्या दोहोंमधली सीमारेषा मानली जाई. टायगर्सचे मैदान मात्र शहराच्या पोटात, मिशिगन आणि ट्रंबुल या रस्त्यांच्या नाक्यावर, पूर्वीच्याच जागी होते. तेथे बसणारा प्रेक्षक मोठ्या संख्येने उपनगरांतून येई. कृष्णवर्णीय डेट्रॉइटकरांच्या मनात या संघाविषयी जुनी अढी होती आणि ती निराधार नव्हती : ओझी व्हर्जिल या पहिल्या गौरेतर खेळाडूला टायगर्सने १९५८मध्ये, म्हणजे एक संघ सोडून बाकी सर्वांच्या नंतर, मैदानात उतरवले होते. ‘सारे शहर एक झाले’ हे वाक्य १९८४विषयी वारंवार लिहिले जाते. ते वाचताना ही पार्श्वभूमी नजरेआड करू नये.

एप्रिल : उपहासाकडून उत्साहाकडे

डेट्रॉइटच्या चॅनेल चारवर अल अ‍ॅकरमन नावाचे तिखट जिभेचे क्रीडानिवेदक होते. टायगर्सविषयी बोलताना ‘ब्लेस यू बॉइज’, म्हणजे ‘धन्य आहे रे पोरांनो तुमची’, हा शेरा त्यांनी आरंभी मारला तो उपहासाने. १९८४च्या एप्रिलमध्ये याच शेऱ्यातला डंख गळून पडला. तो टी-शर्टांवर आला, फलकांवर आला आणि हंगामाची घोषणाच होऊन बसला. संघाकडून फसवणूक होण्याची ज्याला सवय झाली आहे असा चाहता सहसा कुत्सितपणाचे चिलखत घालून बसतो. ते उतरवायला एरवी वर्षे लागतात. येथे तीन आठवडे पुरले.

याचे कारण निकालांच्या संख्येइतकेच त्यांच्या स्वरूपातही होते. ३ एप्रिलला मिनेसोटात पहिला सामना ८-१ असा जिंकल्यावर संघ शिकागोला गेला, आणि ७ एप्रिलच्या शनिवारी, राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरून दाखवल्या जाणाऱ्या सामन्यात, जॅक मॉरिसने व्हाइट सॉक्सविरुद्ध नो-हिटर टाकला. समोरच्या संघाला संपूर्ण सामन्यात एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, मिळू न देणे, ही पिचरच्या आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी घडणारी किंवा मुळीच न घडणारी गोष्ट आहे. तो सामना काही निर्दोष नव्हता. मॉरिसने सहा जणांना वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) दिले, आणि चौथ्या इनिंगमध्ये एकही बाद नसताना तिन्ही बेस त्याने स्वतःच्याच हाताने भरून दिले. पण लगेच डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद, मिळाला, पुढचा फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला आणि संकट टळले. चाहत्यांच्या मनावर नेमका याच गोष्टीचा परिणाम झाला असावा. संघ चांगला खेळत होता, हे तर खरेच. पण खेळ घसरला तरी निसटत होता आणि जिंकत होता. ज्याने आपल्या संघाला १९ सामने सलग गमावताना पाहिले आहे, त्याला दैव आपल्या बाजूने वळले आहे असे वाटायला असे दोन-तीन प्रसंग पुरतात.

१० एप्रिलला घरच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात, ५१ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, नव्याने आलेल्या डॅरेल इव्हान्सने आपल्या पहिल्याच फलंदाजीत तीन धावांचा होम रन (चेंडू थेट प्रेक्षकांत पाठवणारा फटका) मारला. संघाने पहिले नऊही सामने जिंकले, दहावा कॅन्सस सिटीविरुद्ध गमावला आणि पुन्हा सलग सात जिंकले. १६ विजय आणि एक पराभव अशा स्थितीत क्लीव्हलँडविरुद्धचा सामना नेहमीच्या नऊऐवजी १९ इनिंग्जपर्यंत लांबला आणि हातचा गेला. एप्रिलअखेर नोंद होती १८ विजय, २ पराभव.

एप्रिलमधील डेट्रॉइट थंड असते, शाळा चालू असतात, आणि त्यामुळे त्या महिन्यातल्या उत्साहाचे मोजमाप मैदानातील गर्दीवरून करता येत नाही. तो उत्साह रेडिओवर होता. डब्ल्यूजेआर हे पन्नास हजार वॅट शक्तीचे केंद्र रात्री शेजारच्या कितीतरी राज्यांत ऐकू जाई, आणि १९६०पासून टायगर्सचे सामने सांगणारे एर्नी हार्वेल यांचा अमेरिकेच्या दक्षिणेकडील वळणाचा संथ आवाज हा तिथल्या उन्हाळ्याचाच भाग होऊन गेला होता. प्रेक्षकांत गेलेला फाऊल (रेषेबाहेर मारलेला) चेंडू कोणी झेलला की हार्वेल सहज सांगून टाकत, हा चेंडू इप्सिलँटीच्या एका गृहस्थाने पकडला, किंवा सॅगिनॉच्या. गावाचे नाव ते मनानेच ठोकून देत, हे सर्व श्रोत्यांना ठाऊक होते आणि तरीही आपल्या गावाची पाळी कधी येते याकडे लोकांचे कान असत. संघ जिंकू लागल्यावर या श्रवणाला रोजच्या नेमाचे रूप आले. बेसबॉलचा चाहता रोजच्या रोज जगतो, आठवड्याच्या शेवटी नाही. सुरुवातीच्या विजयांची गोडी कळायला हे समजून घेणे आवश्यक आहे.

मे : परगावचे सतरा विजय

मे महिन्यात सुरुवातीच्या उत्साहाचे विक्रमाच्या मोजदादीत रूपांतर झाले. ३० सामन्यांनंतर २६ विजय आणि ४ पराभव, ४० सामन्यांनंतर ३५ आणि ५. परगावी तर संघ हरतच नव्हता. २४ मे रोजी अनाहाइममध्ये कॅलिफोर्निया एंजल्सला ५-१ असे हरवून टायगर्सने परगावचा सलग सतरावा विजय मिळवला. हा अमेरिकन लीगचा विक्रम होता आणि न्यूयॉर्क जायंट्सने १९१६मध्ये केलेल्या विक्रमाशी बरोबरी होती. त्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावरील टोरांटो ब्लू जेज साडेआठ सामन्यांनी मागे होते. येथे एक गोष्ट सहसा निसटते : टोरांटोही त्या वेळी उत्तम खेळत होते. नेहमीच्या वर्षी त्यांच्यासारख्या कामगिरीने गटात पहिले किंवा त्याच्या अगदी जवळचे स्थान मिळाले असते.

व्यवस्थापक अँडरसन यांची प्रतिक्रिया चाहत्यांच्या अगदी उलट होती. एवढ्या आघाडीनंतर संघ हरला तर दोष कोणाच्या माथी बसेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. दोन्ही लीगमध्ये विजेतेपद मिळवणारा पहिला व्यवस्थापक होण्याची संधी समोर होती आणि सिनसिनाटीने केलेला अपमान मनात ताजा होता. त्या हंगामाची त्यांनी रोजनिशी ठेवली आणि ती पुढे प्रसिद्धही झाली. ३५-५नंतर आपल्याला खेळाचा आनंद असा उरलाच नाही, होती ती केवळ धास्ती, असे ते नंतरच्या काळात सांगत असत. मेमध्ये चाहते अजून या धास्तीपासून दूर होते. जूनमध्ये ती त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचली.

जून : धास्तीचे दिवस

अनाहाइमहून संघ सिअ‍ॅटलला गेला आणि तेथील तिन्ही सामने हरला. ४० सामन्यांत मिळून पाच पराभव पाहिलेल्या चाहत्याने एका शनिवार-रविवारच्या सुमारास तीन पाहिले. पुढच्या दहाएक दिवसांत आघाडी निम्म्यावर आली, आणि ४ जूनला टोरांटोचा संघ चार सामन्यांसाठी डेट्रॉइटमध्ये दाखल झाला तेव्हा ‘साडेआठ’ या आकड्याचे ‘साडेचार’ झाले होते. घसरगुंडीची जी शंका मेमध्ये बोलून दाखवणे अशुभ मानले गेले असते, ती आता सर्वत्र बोलली जाऊ लागली.

त्या सोमवारच्या रात्रीचा सामनाही राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर होता. दहाव्या इनिंगमध्ये धावसंख्या ३-३, दोन जण बाद, दोन जण बेसवर, आणि फलंदाजीला डेव्ह बर्गमन. मार्चमधल्या त्या दुर्लक्षित अदलाबदलीतून आलेला, बहुधा बदली म्हणून खेळणारा. टोरांटोचा पिचर रॉय ली जॅक्सन. तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झाल्यावर बर्गमन चेंडूमागून चेंडू फाऊल करीत राहिला (दोन स्ट्राइकनंतर असा फाऊल झाला तरी फलंदाज सहसा बाद होत नाही). स्ट्राइक चुकवायचा, वाईट चेंडू सोडायचा आणि जे सोडता येत नाही ते कसेबसे बाजूला काढायचे, हे बेसबॉलमधले अत्यंत कष्टाचे आणि बाहेरून कंटाळवाणे दिसणारे काम आहे. तेराव्या चेंडूवर, जो जवळजवळ पायाच्या घोट्यापाशी आला होता, त्याने उजव्या बाजूच्या वरच्या मजल्यावर होम रन मारला आणि सामना ६-३ असा संपवला. डेट्रॉइटच्या जुन्या चाहत्यांना १९८४मधले क्षण विचारले, तर ऑक्टोबरमधल्या अंतिम मालिकेतील कर्क गिब्सनच्या फटक्याच्या खालोखाल ही फलंदाजी हमखास येते.

पण पुढचे दोन सामने टोरांटोने जिंकले. आघाडी साडेतीनवर आली. चौथा टायगर्सने जिंकला.

चाहत्यांच्या मनःस्थितीची खरी परीक्षा या आठवड्यात झाली, आणि माझ्या मते त्यांची गफलत नेमकी येथे झाली. त्यांनी संघाला त्याच्याच पहिल्या ४० सामन्यांच्या फूटपट्टीने मोजायला सुरुवात केली. दहापैकी सहा सामने जिंकणे हे १६२ सामन्यांच्या हंगामात अत्यंत चांगले मानले जाते. त्या गतीने खेळणारा संघ वर्षाअखेर ९७ सामने जिंकतो. परंतु दहापैकी जवळजवळ नऊ जिंकण्याची सवय झालेल्या मनाला सहाचा आकडा आजारपणासारखा वाटू लागतो. संघ ढासळला नव्हता, तो आपल्या मूळ उंचीवर परत आला होता. हे परत येणे अटळ होते, आणि ते अटळ असल्याचे जाणकार एप्रिलपासून सांगतच होते. मात्र त्यांनी त्याच्या पुढचा अर्धा भाग सांगितला नाही : गती मूळ पातळीवर आली, तरी आधी जमा झालेले विजय परत द्यावे लागत नाहीत.

हिशेब

शेवटी टायगर्सची नोंद झाली १०४ विजय आणि ५८ पराभव. त्यातून पहिले ४० सामने वजा केले, तर उरलेल्या १२२ सामन्यांत ६९ विजय आणि ५३ पराभव राहतात, म्हणजे विजयाचे प्रमाण साधारण साडेछप्पन्न टक्के. या प्रमाणाने सगळा हंगाम खेळला असता, तर विजय झाले असते सुमारे ९२. आदल्या वर्षीचा आकडाही ९२च होता. म्हणजे २४ मेनंतरचा संघ हा सर्व दृष्टींनी १९८३चाच संघ होता. हुशार, भक्कम, पण अजिंक्य मुळीच नाही. १९८३च्या गतीने पहिल्या ४० सामन्यांत २३च्या आसपास विजय मिळाले असते, प्रत्यक्षात ३५ मिळाले. ही १२ विजयांची अधिकची जमा आणि १०४ व ९२ यांच्यातला फरक, दोन्ही एकच आहेत. संपूर्ण वर्षाची सारी श्रीमंती त्या सात आठवड्यांत कमावलेली होती.

टोरांटोचा संघ ८९ विजयांसह दुसरा आला, १५ सामन्यांच्या अंतराने. त्या १५पैकी साडेआठ सामन्यांचे अंतर २४ मेपर्यंतच पडले होते. पुढील चार महिन्यांत त्यात साडेसहाची भर पडली. सुरुवात नेहमीसारखी झाली असती, तर ९२ आणि ८९ अशी अखेरच्या आठवड्यापर्यंत ताणलेली लढत झाली असती, आणि ती कोणी जिंकली असती हे सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या विजयांना ‘अजून काही खरे नाही’ म्हणणारा जाणकार पुढच्या गतीविषयी बोलत असेल तर तो बरोबर आहे. पण विजयांच्या मोलाविषयी बोलत असेल, तर एप्रिलमधला विजय आणि सप्टेंबरमधला विजय यांचे वजन गुणतक्त्यात अगदी सारखेच असते, हे त्याला कोणीतरी सुनवायला हवे. आनंदाने ओरडणाऱ्या सामान्य चाहत्याने, स्वतःच्या नकळत का होईना, हिशेब अधिक अचूक मांडला होता.

या हिशेबात एक भर घालणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या आघाडीला धरून ठेवण्याचे काम विली हर्नांडेझने केले. सामन्याच्या शेवटी येऊन आघाडी राखण्याच्या ३३ संधींपैकी ३२ त्याने यशस्वी केल्या. साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरला मिळणारा) आणि सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, दोन्ही त्याला मिळाले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चाहत्याची झोप शाबूत राहिली असेल तर ती या माणसामुळे.

मैदानातील लाट

उत्साहाचे पैशांत आणि गर्दीत रूपांतर झाले ते उन्हाळ्यात. १९८३मध्ये घरच्या सामन्यांना १८ लाख ३० हजारांच्या आसपास प्रेक्षक आले होते. १९८४मध्ये ही संख्या २७ लाख ४ हजार ७९४ झाली. यापूर्वीचा संघाचा उच्चांक १९६८मधील २० लाख ३१ हजारांचा होता. सरासरीने एका सामन्याला ३३ हजार माणसे, आणि तीही बेरोजगारीने पोळलेल्या राज्यात. तिकिटे स्वस्त होती, विशेषतः मैदानाच्या टोकाला असलेल्या उघड्या बाकांची, हेही खरे. पण स्वस्त तिकिटे १९८३मध्येही होती.

याच उन्हाळ्यात टायगर स्टेडियममध्ये ‘द वेव्ह’ रुजली. प्रेक्षकांनी रांगेरांगेने उठून हात उंचावत मैदानाभोवती लाट फिरवायची, हा प्रकार १९८१मध्ये पश्चिम किनाऱ्यावर सुरू झाला आणि १९८३च्या शरद ऋतूत अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांत पोहोचला. तिथल्या प्रेक्षकांनी तो पुढच्या वर्षी डेट्रॉइटला आणला. राष्ट्रीय प्रक्षेपणांतून सारा देश टायगर्स पाहत असल्याने बेसबॉल मैदानांतील या लाटेचा प्रसार व्हायला त्याची मोठी मदत झाली. जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, कारण पिचर आणि फलंदाज यांच्यातील द्वंद्व चालू असताना मैदानाकडे पाठ फिरवून लाटेची वाट पाहणारा प्रेक्षक खेळ पाहत नसतो. मला मात्र ही लाट आघाडीचेच अपत्य वाटते. सामना अटीतटीचा असेल तर हात छातीशी घट्ट धरलेले असतात. आठ-दहा सामन्यांची आघाडी असली की त्यांना काहीतरी काम हवे असते. चुरस सुरुवातीलाच संपवून टाकणाऱ्या संघाने आपल्या प्रेक्षकांना उत्सवाची मोकळीक दिली आणि त्याच वेळी हंगामातील उत्कंठा त्यांच्याकडून काढून घेतली. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात गेलेल्यांनी गर्दी, गाणी आणि लाट अनुभवली. गटातील स्पर्धा त्यांच्या वाट्याला जूनच्या त्या एका आठवड्यापुरतीच आली.

ऑक्टोबर

१८ सप्टेंबरला गटाचे पहिले स्थान निश्चित झाले. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकदाही पहिला क्रमांक न सोडणारा संघ अमेरिकन लीगमध्ये १९२७च्या न्यूयॉर्क यँकीजनंतर प्रथमच पाहायला मिळाला. पुढच्या फेरीत केवळ ८४ सामने जिंकून आलेल्या कॅन्सस सिटीला टायगर्सने तिन्ही सामन्यांत हरवले आणि वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत सॅन डिएगोला ४-१ असे. १४ ऑक्टोबरच्या पाचव्या सामन्यात कर्क गिब्सनने सॅन डिएगोचा पिचर गूज गॉसेज याच्याविरुद्ध मारलेला तीन धावांचा होम रन सर्वश्रुत आहे. अँडरसन यांनी आपला शब्द शेवटच्या वर्षी खरा केला.

त्या रात्री मैदानाबाहेरचा जमाव हाताबाहेर गेला. एका माणसाचा जीव गेला, पोलिसांची गाडी उलथवून पेटवण्यात आली, आणि जळत्या गाडीसमोर संघाचा झेंडा मिरवणाऱ्या तरुणाचे छायाचित्र जगभर गेले. देशातील वृत्तपत्रांनी ‘डेट्रॉइट म्हणजे दंगल’ हे जुने समीकरण पुन्हा मांडले. त्या जमावात उपनगरांतून आलेली गोरी पोरे मोठ्या संख्येने होती, हे त्या छायाचित्रातही दिसते. तरीही बदनामी झाली ती शहराची. संपूर्ण उन्हाळा शांतपणे नांदलेल्या २७ लाख प्रेक्षकांपेक्षा ही एक रात्र बाहेरच्यांच्या लक्षात अधिक राहिली.

दुसऱ्या दोन सुरुवाती

तीन वर्षांनी मिलवॉकी ब्रूअर्सने पहिले १३ सामने सलग जिंकले. त्यांच्याही सुरुवातीत नो-हिटर होता, हुआन निएव्हेसने बाल्टिमोरमध्ये टाकलेला. ईस्टरच्या रविवारी शेवटच्या इनिंगमध्ये ४-१ असे मागे असताना रॉब डीअर आणि डेल स्वेम यांच्या होम रनांनी बारावा विजय मिळाला, आणि स्थानिक संघाने सलग १२ सामने जिंकल्यास फुकट हॅम्बर्गर वाटण्याचे जॉर्ज वेब या उपाहारगृहांच्या साखळीने कित्येक दशकांपूर्वी दिलेले आश्वासन तिने पाळले. दीड लाखांहून अधिक हॅम्बर्गर वाटले गेले. मे महिन्यात मात्र त्याच संघाने सलग १२ सामने गमावले, आणि ९१ विजयांसह तो तिसरा आला. गतीचे मूळ पातळीवर येणे डेट्रॉइटमध्ये उतारासारखे झाले, मिलवॉकीत कड्यावरून पडल्यासारखे. तरीही मिलवॉकीच्या चाहत्याला त्या एप्रिलविषयी विचारले तर तो हसतो.

२०२३मध्ये टँपा बे रेजनेही पहिले १३ सामने जिंकले आणि वर्षाअखेर ९९ विजय मिळवले. पण एकामागून एक पिचर जखमी होत गेले, गटात बाल्टिमोर पुढे निघून गेले, आणि ऑक्टोबरमध्ये टेक्ससविरुद्ध दोन सामन्यांत सारे संपले. त्यातल्या पहिल्या सामन्याला १९,७०४ प्रेक्षक होते. महासाथीची वर्षे वगळता बाद फेरीतील एवढी कमी उपस्थिती १९१९नंतर दिसली नव्हती. सेंट पीटर्सबर्गमधील ते बंदिस्त मैदान, तिथपर्यंतचा पुलावरचा प्रवास आणि संघाच्या भवितव्याविषयीची वर्षानुवर्षांची अनिश्चितता यांपुढे १३ विजय कमी पडले. डेट्रॉइटमध्ये विजयांनी ज्या ओढीला वाट करून दिली, ती ओढ १९८४च्या आधीची होती. आजोबांनी नातवाला त्याच नाक्यावरच्या त्याच मैदानात नेण्याची जुनी रीत तेथे होती. टँपा बेचा संघ जन्मला तोच १९९८मध्ये.

डेट्रॉइटच्या प्रकरणात १९८५चे वर्ष सहसा कोणी जोडत नाही. त्या वर्षी बहुतेक तेच खेळाडू, तेच व्यवस्थापक आणि तेच मैदान असताना टायगर्सने ८४ सामने जिंकले आणि तो संघ तिसरा आला. गटाचे विजेतेपद टोरांटोने प्रथमच मिळवले. डेट्रॉइट त्यांच्या मागे होते बरोबर १५ सामन्यांनी, म्हणजे आदल्या वर्षी टोरांटो डेट्रॉइटच्या जितके मागे होते तितकेच. मैदानावर मात्र त्या वर्षीही सुमारे २२ लाख ८७ हजार प्रेक्षक आले, १९८४पूर्वीच्या कोणत्याही वर्षापेक्षा अधिक.